झोपला होता तो बोकड

मेक्सिकोच्या उत्तरेला, कोआविला आणि दुरांगो या राज्यांच्या हद्दीवर, ला लागुना नावाचा कोरडा मुलूख आहे. तोर्रेऑन हे त्यातलं मोठं शहर. नासास आणि आग्वानावाल या इथल्या नद्या समुद्राला मिळत नाहीत, याच मुलखात येऊन संपतात. वर्षाचा पाऊस २०० ते ३०० मिलिमीटर आणि तोही मुख्यतः जून ते सप्टेंबर. आपल्या माण-आटपाडीच्या माणसालासुद्धा हा पाऊस थोडाच वाटेल. विहिरींच्या पाण्यावर लसूणघास पिकवून हजारो गाई पोसणारे मोठमोठे गोठे इथे आहेत. त्यांच्याच कडेकडेनं, बांधांवरून, कापणी झालेल्या शेतांतून आणि काटेरी झुडपांतून लहान कुटुंबांचे शेळ्यांचे कळप चरत असतात. दिवसा रान, रात्री कुंपण, आणि वरून खुराक जवळजवळ नाहीच. महिनाभराचं दूधपितं करडू ‘काब्रितो’ म्हणून विकायचं आणि शेळीचं दूध चीजवाल्याला किंवा ‘काहेता’ नावाचा आटवलेल्या दुधाचा गोड पदार्थ करणाऱ्याला घालायचं, यावर घर चालतं.

या घरांची अडचण कोणत्याही शेळीपालकाला लगेच कळेल. इथल्या बहुतेक शेळ्या नोव्हेंबर ते फेब्रुवारीत वितात. म्हणजे पोटातलं पिल्लू झपाट्यानं वाढतं आणि कास भरायला लागते, नेमकं तेव्हाच रान वाळलेलं असतं. सगळ्यांच्या शेळ्या एकदम दुधात येतात, सगळ्यांची करडं एकदम बाजारात येतात आणि पुढे सगळ्यांच्याच शेळ्या एकदम आटतात. वेत ऑगस्ट-सप्टेंबरात आणता आलं, तर पावसानंतरचा हिरवा चारा गाभणीच्या शेवटच्या महिन्यांना आणि दुधाच्या पहिल्या महिन्यांना मिळेल, शिवाय इतरांकडे दूध नसताना आपल्याकडे असेल. त्यासाठी शेळी मार्च-एप्रिलमध्ये फळायला हवी. पण मार्च ते ऑगस्ट या काळात इथली शेळी माजावरच येत नाही.

शेळीला ऋतू कळतो तो मुख्यतः उजेडावरून. डोळ्यांनी टिपलेला दिवस-रात्रीचा हिशेब मेंदूतल्या पिनिअल ग्रंथीपर्यंत जातो. ही ग्रंथी अंधारात मेलाटोनिन सोडते. रात्र लांब तर मेलाटोनिन जास्त वेळ, रात्र आखूड तर कमी वेळ. दिवस लहान होत गेले की शेळीचं प्रजननचक्र सुरू होतं, मोठे होत गेले की थांबतं. त्यामागे निसर्गाची सोय आहे. पाच महिन्यांचा गर्भकाळ धरला तर शरद ऋतूत फळलेली शेळी वसंतात विते, आणि युरोपात वसंत म्हणजे गवत. विषुववृत्तापासून जितकं दूर, तितका हा पगडा घट्ट. फ्रान्समध्ये तूर शहराजवळ नूझिई इथं शेळी-मेंढीच्या प्रजननाचं मोठं संशोधन केंद्र आहे. तिथे हिवाळ्यातला सर्वांत लहान दिवस सव्वाआठ तासांच्या आसपास आणि उन्हाळ्यातला सर्वांत मोठा जवळपास सोळा तासांचा. तोर्रेऑनमध्ये हेच आकडे सुमारे साडेदहा आणि पावणेचौदा. आपल्या फलटणला साधारण अकरा आणि तेरा.

तोर्रेऑनचा हा फरक मध्यमच म्हणायचा. त्यामुळे इथल्या शेळीचा हंगाम दिवसमानानं नव्हे, चाऱ्यानं ठरत असावा, असं मानायला जागा होती. होसे आल्बेर्तो देल्गादिओ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आंतोनियो नारो कृषी विद्यापीठाच्या तोर्रेऑन केंद्रात ते तपासलं. जनावरांना वर्षभर पोटभर खाऊ घातलं आणि नोंदी ठेवल्या. हंगाम तरीही राहिला. आणि या नोंदी शेळीपुरत्या नव्हत्या, बोकडाच्याही होत्या. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात दिसलं की ला लागुनाचा बोकड जानेवारी ते एप्रिल स्वतःच विसावलेला असतो. अंगात टेस्टोस्टेरॉन कमी, दर्प कमी, आवाज कमी, शेळीत रस कमी. मे-जूनपासून तो जागा होतो. पुढचं सगळं या एका निरीक्षणातून निघालं, म्हणून ते मला फार मोलाचं वाटतं.

मोलाचं अशासाठी, की बोकडाच्या सहवासानं शेळी बिगरहंगामी माजावर आणता येते, ही गोष्ट तोवर जुनी झाली होती. पश्चिम ऑस्ट्रेलियात अंडरवूड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४४ मध्ये मेंढ्यांबाबत ती नोंदवली होती: नर सोडल्यावर काही दिवसांनी बऱ्याच मेंढ्या एकदम माजावर येतात. टेक्ससमध्ये मॉरिस शेल्टन यांनी १९६० मध्ये अंगोरा शेळ्यांत तेच दाखवलं. १९८०च्या दशकात फिलिप शमिनो यांनी कॅरिबियन समुद्रातल्या ग्वादलूप बेटावरच्या क्रिओल शेळ्यांत त्याचा बारकाईनं अभ्यास केला. शास्त्रीय लेखनात याला ‘नर-प्रभाव’ असं नाव मिळालं. त्याची कृती म्हणून सांगितली जाई ती अशी: शेळ्या आणि बोकड तीन-चार आठवडे एकमेकांपासून इतके दूर ठेवा की दिसणार नाहीत, ऐकू येणार नाहीत, वासही येणार नाही. मग बोकड अचानक आत सोडा.

पण ही युक्ती कधी लागू पडायची, कधी नाही. हंगाम सुरू व्हायच्या जरा आधी बोकड सोडला तर छान. ऐन बिगरहंगामात सोडला तर फारसं काही घडत नसे. याचा अर्थ सगळ्यांनी एकच लावला: त्या काळात शेळीची विश्रांतीच इतकी गाढ असते की बोकडानं ती मोडत नाही. खोट शेळीत. ग्रंथांत हेच लिहिलं गेलं आणि शिकवलंही हेच गेलं.

मग शेळीवर औषधं आली. युरोपातल्या दुग्धव्यवसायात रुळलेली पद्धत अशी: प्रोजेस्टेरॉनसारखं संप्रेरक भरलेला स्पंज ११ दिवस योनिमार्गात ठेवायचा, तो काढण्याच्या सुमारास दोन इंजेक्शनं द्यायची आणि ठरलेल्या तासाला कृत्रिम रेतन करायचं. या इंजेक्शनांपैकी एकातलं संप्रेरक गाभण घोड्यांच्या रक्तातून काढतात. त्यासाठी दक्षिण अमेरिकेत पाळल्या जाणाऱ्या घोड्यांच्या हालांवरून युरोपात मोठा वाद झाला आहे. आणखी अडचण म्हणजे तेच इंजेक्शन दरवर्षी दिलं तर काही शेळ्यांच्या अंगात त्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार होतात, माज उशिरा येतो आणि गाभण राहण्याचं प्रमाण घटतं. एका जनावराचं रक्त काढून दुसऱ्याच्या ऋतूवर मात करायची, ही साखळी मला पटत नाही. आणि ला लागुनातल्या कुंपणामागच्या कुटुंबाला ती परवडणारीही नव्हती.

देल्गादिओ यांची पूर्वतयारी फ्रान्समधली. शमिनो यांच्यासोबत त्यांनी अल्पाइन आणि सानेन बोकडांवर काम केलं होतं. बंद गोठ्यात एक महिना लांब दिवस, एक महिना आखूड दिवस असा उजेड आलटूनपालटून दिला की बोकडाचा हंगामच पुसला जातो आणि वर्षभर वीर्य मिळतं, हे त्यांनी दाखवलं होतं. रेतन केंद्रांसाठी ही मोठी सोय होती. पण त्यासाठी उजेड पूर्ण अडवणारा गोठा लागतो. तोर्रेऑनमध्ये त्यांनी हेच ज्ञान उघड्या वाड्यात आणलं.

कृती साधी आहे. नोव्हेंबरच्या सुरुवातीला, दिवस लहान होत असताना, बोकडांच्या वाड्यात दिवे लावायचे. पहाटे ६ पासून सूर्य वर येईपर्यंत, आणि संध्याकाळी मावळण्याच्या सुमारास पुन्हा, रात्री १० पर्यंत. असा १६ तासांचा दिवस, ८ तासांची रात्र. बोकडाच्या डोळ्याच्या उंचीवर किमान ३०० लक्स उजेड पडायला हवा. हे अडीच महिने, म्हणजे जानेवारीच्या मध्यापर्यंत चालवायचं आणि मग दिवे बंद करायचे. बोकडाचं शरीर उन्हाळ्याचे लांब दिवस मोजत असतं आणि एका रात्रीत दिवस लहान होतो. ते समजतं, शरद आला. सहा-आठ आठवड्यांत वृषणं जागी होतात, टेस्टोस्टेरॉन चढतं, अंगाला दर्प सुटतो. मार्च उजाडतो तेव्हा शेजारच्या वाड्यातले बोकड मरगळलेले असतात आणि हे मात्र वरचा ओठ मुडपून हुंगत, जीभ लवलवत, खुरानं माती उकरत, स्वतःच्याच दाढीवर मुतत फिरत असतात.

सन २००० मध्ये या चमूनं प्रसिद्ध केलेला प्रयोग शेळीपालनाच्या इतिहासात ठळक अक्षरांत लिहावा असा आहे. शेळ्या तशाच, बिगरहंगामात विसावलेल्या. काहींमध्ये नेहमीचे बोकड सोडले, काहींमध्ये दिव्याखाली तयार केलेले. नेहमीच्या बोकडांपुढे मोजक्याच शेळ्या माजावर आल्या, दिव्याच्या बोकडांपुढे जवळपास सगळ्या. शेळीला कुणी सुई लावली नव्हती, औषध दिलं नव्हतं, उजेडसुद्धा दाखवला नव्हता. शेळी उठायला तयारच होती. झोपला होता तो बोकड. इतकी वर्षं एक झोपलेला प्राणी दुसऱ्याला उठवायला पाठवला जात होता आणि तो उठवू शकला नाही की दोष दुसऱ्याला लागत होता.

पुढची वर्षं एकेक अट गळून पडण्याची आहेत. पहिल्या प्रयोगात दिव्यांनंतर बोकडाच्या कानामागे मेलाटोनिनच्या गोळ्या बसवल्या होत्या. २००२ मध्ये दिसलं की त्यांच्यावाचूनही, नुसत्या दिव्यांवर, काम होतं, आणि तेही दुधावर असलेल्या शेळ्यांत. मग तीन-चार आठवड्यांच्या दुराव्याची अट तपासली गेली. बोकड खरोखर जागा असेल तर तिचीही गरज नव्हती. २०१० मध्ये दाखवलं गेलं की बोकड चोवीस तास कळपात असण्याचीही गरज नाही, रोज चार तासांचा सहवास पुरतो. हा शोध मला सर्वांत कामाचा वाटतो, कारण एकच चांगला बोकड आळीपाळीनं एकाहून जास्त गटांत वापरता येतो.

शेळीच्या अंगात काय घडतं, तेही पाहण्यासारखं आहे. जागा बोकड जवळ आला की काही मिनिटांतच तिच्या मेंदूतलं हायपोथॅलॅमस पीयूष ग्रंथीला इशारे द्यायला लागतं, आणि एरवी तासन्तासांनी सुटणारं एलएच हे संप्रेरक भराभर सुटू लागतं. दोन-तीन दिवसांत पहिलं बीज सुटतं. पण शरीर पूर्ण तयार नसल्यानं त्या बिजामागे तयार होणारा पीतपिंड बऱ्याच शेळ्यांत चार-पाच दिवसांतच विरतो. शेळी गाभण राहत नाही. कधी पहिला माज मुकाच जातो. मग सातव्या ते नवव्या दिवसाच्या सुमारास ती पुन्हा माजावर येते आणि हा माज खरा ठरतो. हे ठाऊक नसलेला पालक पहिल्या आठवड्यात शेळी उलटली म्हणून निराश होतो आणि बोकड बाहेर काढतो. इथे धीर धरायलाच हवा. बोकड किमान दोन-तीन आठवडे आत राहिला पाहिजे.

त्या दर्पात नेमकं काय असतं, याचा छडा २०१४ मध्ये जपानी शास्त्रज्ञांनी लावला. त्यांनी शिबा जातीच्या बोकडांच्या डोक्यावर खास टोपी चढवली आणि डोक्याच्या केसांतून उडणारी द्रव्यं तिच्यात धरली. खच्ची केलेल्या बोकडांच्या वासाशी ती ताडून पाहिली. शेळीच्या मेंदूत प्रजननाची लय चालवणाऱ्या पेशींची हालचाल ते प्रत्यक्ष मोजत होते. त्यातून ४-इथाइलऑक्टेनाल हे द्रव्य सापडलं. ते हुंगताच त्या पेशी उसळतात. या द्रव्याचा स्वतःचा वास लिंबूवर्गीय फळासारखा आहे. हवेशी संयोग झाला की त्याचं आम्ल होतं आणि ते आम्ल म्हणजे आपल्याला लांबूनच कळणारा बोकडाचा उग्र दर्प.

यावरून बाटलीत वास भरून विकता येईल असं कुणाला वाटेल. तोर्रेऑनचे प्रयोग मात्र तिकडे बोट दाखवत नाहीत. दिव्याखाली तयार केलेल्या, भरपूर दर्प असलेल्या बोकडांना गुंगीचं औषध देऊन नुसतं शेळ्यांमध्ये ठेवलं, तेव्हा परिणाम फार फिका पडला. दर्प होता, पण पाठलाग नव्हता, पायानं ढुसणं नव्हतं, गळ्यातली ती घोगरी बडबड नव्हती. शेळीला अख्खा बोकड लागतो.

या पद्धतीच्या मर्यादाही स्पष्ट आहेत. रानावर जगणाऱ्या, हाडं दिसणाऱ्या शेळीला बोकड माजावर आणू शकतो, पण ती गाभण राहील आणि गाभण टिकेल याची हमी तो देत नाही. ला लागुनातल्याच अभ्यासात बोकड सोडल्यापासून थोडे दिवस वरचा खुराक दिला तर गाभण राहण्याचं प्रमाण सुधारलं. फ्रान्समधल्या सानेन आणि अल्पाइन शेळ्यांची विश्रांती खरोखरच गाढ असते. तिथे बोकडाबरोबर शेळ्यांनाही हिवाळ्यात लांब दिवस दाखवतात. सोळा तास दिवे जाळण्याऐवजी एक मार्ग असाही आहे की पहाटेचा उजेड ठरलेल्या वेळी द्यायचा आणि त्यानंतर सुमारे सोळाव्या तासाला, अंधारात, थोडा वेळ प्रखर उजेड टाकायचा. जनावराचं घड्याळ त्या वेळी उजेड आहे की नाही एवढंच पाहतं आणि मधला अंधार दिवसातच धरतं. सेंद्रिय दुधाच्या नियमांत संप्रेरकांना मनाई असल्यानं, हिवाळ्यात चीज विकू पाहणाऱ्या फ्रेंच शेतकऱ्याला आज बोकड आणि दिवा यांचाच आधार आहे.

आणि मग २०१५. देल्गादिओ यांच्या चमूनं शेळ्यांच्या एका गटात वर्षभर जागे बोकड ठेवले. दिव्याखाली तयार होणाऱ्या बोकडांची पाळी बदलत राहिली, त्यामुळे एक गट थंडावला की दुसरा हजर. त्या शेळ्यांत बिगरहंगाम आलाच नाही. दिवसमान तेच, मोठे दिवस तेच, तरी बहुतेक शेळ्यांचं चक्र सुरूच राहिलं. म्हणजे आपण शेळीचा हंगाम म्हणून जो मोजत आलो, त्यात बोकडाच्या हंगामाचाही वाटा होता.

महाराष्ट्रातल्या वाचकाला यातून काय घ्यावं, हे सांगताना मला जपून बोलायला हवं. आपली उस्मानाबादी, संगमनेरी किंवा कोकण कन्याळ उजेडाची तेवढी बांधील नाही. अकरा आणि तेरा तासांतला फरक तिला फारसा अडवत नाही, ती वर्षभर फळू शकते. आपल्याकडे माज अडतो तो उन्हाळ्यातल्या उपासमारीनं आणि पिल्लं अंगावर असताना झिजलेल्या शरीरानं. त्यामुळे धाराशिव किंवा संगमनेरच्या शेळीपालकाला बोकडाच्या गोठ्यात अडीच महिने दिवे लावा असं कुणी सांगत असेल, तर आधी विजेचं बिल आणि मग कारण विचारावं. युरोपी रक्ताची सानेन आणून दुधाचा धंदा करणाऱ्यानं मात्र हा लेख कापून ठेवावा.

बोकडाचा प्रभाव दिव्यांवाचूनही आपल्या कामाचा आहे. आपल्याकडे बोकड बारा महिने कळपातच असतो, म्हणून वेतं विखुरतात. काही शेळ्या ऐन पावसाळ्यात वितात, गोठ्यात चिखल, करडांना सर्दी आणि न्यूमोनिया, मर मोठी. कृषी खात्याच्या मेळाव्यांत ‘दोन वर्षांत तीन वेतं’ हे सूत्र सांगितलं जातं. ते साधायचं तर दर आठ महिन्यांनी कळप ठरल्या पंधरवड्यात फळायला हवा, आणि त्यासाठी बोकड वेगळा बांधण्याची शिस्त हवी. चांगला पोसलेला, जोमात असलेला बोकड वेगळा ठेवून ठरल्या दिवशी, सुमारे दहा शेळ्यांमागे एक या हिशेबानं सोडला की अडून बसलेल्या शेळ्याही बऱ्याचदा हलतात. ज्यांना बकरी ईदसाठी बोकड तयार करायचे असतात, त्यांना तर हे गणित दरवर्षी नव्यानं मांडावं लागतं. ईद दरवर्षी सुमारे अकरा दिवस अलीकडे सरकते, करडू वर्षाचं होऊन गेलेलं हवं, आणि त्याआधीचे पाच महिने गाभणीचे. म्हणजे सतरा महिन्यांहून आधी शेळी फळलेली पाहिजे.

या सगळ्यात मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती आपल्या बोकडाची. कळपात सर्वांत झपाट्यानं वाढणारं नर करडू आपण आधी खच्ची करतो किंवा आधी विकतो, कारण त्यालाच भाव येतो. मागे उरलेलं, कुणी न घेतलेलं करडू पैदाशीचा बोकड म्हणून वापरतो. त्याला खुराक नाही, विश्रांती नाही, आणि वर्षानुवर्षं तोच राहिला तर तो स्वतःच्याच लेकींना लागतो. शेळी फळत नाही म्हणून पशुवैद्याला बोलावणारे पालक असतात. बोकड मरगळलाय म्हणून बोलावणारे फार थोडे. गाभणीच्या हंगामाआधी दोन महिने बोकडाला चांगला चारा आणि खुराक द्यावा, खुरं छाटावीत, जंताचं औषध पाजावं, वृषणं हातानं चाचपून पाहावीत. दोन वर्षांनी बोकड बदलावा, आणि तो दूध चांगलं असलेल्या शेळीच्या पोटचा आणावा.

आणि बोकड ज्या दिवशी कळपात सोडला ती तारीख भिंतीवर लिहून ठेवावी. साधारण दीडशे दिवसांनी वेतं सुरू झाली की त्याही तारखा शेजारी लिहाव्यात. माज अडलेल्या शेळ्यांची वेतं पाच-सहा दिवसांच्या अंतरानं दोन घोळक्यांत पडली असतील, तर पहिला घोळका पहिल्या माजाचा आणि दुसरा, बहुधा मोठा, दुसऱ्या माजाचा. त्यांना उठवलं ते बोकडानं. वेतं महिनाभर एकेक करून सांडत राहिली असतील, तर पुढच्या खेपेला शेळ्यांच्या आधी बोकडाकडे जावं.